ॲम्पिअर जास्त चालतो, व्होल्ट नाही

राउटरचा १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचा अडॅप्टर गेलाय, २ ॲम्पिअरचा लावला तर राउटर जळेल का असं विचारलंत, तर नाही जळणार, राउटर त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो, उलट कमी ॲम्पिअरचा लावलात तर अडॅप्टर तापतो आणि राउटर सारखा रीस्टार्ट होतो. व्होल्टेज मात्र तेच पाहिजे. आणि पोलॅरिटी बघाच, लेबलवर गोल आणि मध्ये ठिपका असं चित्र असतं, त्यात प्लस आतल्या पिनला आहे की बाहेरच्या कड्याला ते अडॅप्टर आणि राउटर दोन्हीकडे जुळवा, पिन बसली म्हणजे झालं असं नसतं हो! माझा म्युझिक कीबोर्ड असाच गेला, पिन अगदी फिट्ट बसली होती पण प्लस-मायनस उलटे. आउटपुट डीसीच (एकाच दिशेने वाहणारा करंट) आहे ना तेही वाचा, काही अडॅप्टर एसी (दिशा बदलत राहणारा करंट) देतात.