नॉर्वेच्या अर्ना सोल्बर्ग नगरपालिकेतून पंतप्रधानपदापर्यंत कशा पोचल्या?

राजेंद्रनगरवाला
नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. काल कट्ट्यावर आमच्या सुमित्राताई महाजनांचा विषय निघाला, ८२ ला नगरसेविका, मग उपमहापौर, ८९ ला काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींना पाडून लोकसभेत आणि शेवटी स्पीकर. तर पुतण्या म्हणे काका, नॉर्वेत पण एक बाई अशीच बर्गन शहरातून वर आली, अर्ना सोल्बर्ग, ती पण ८९ लाच संसदेत. आता तिथे ना जात ना वशिला म्हणतात, मग माणूस वर चढतो कसा? नीट सांगा, लिंक टाकून पळू नका भिया.

फ्योर्डकाका
ओस्लोला नोकरीला होतो म्हणून सांगतो. वशिला नसेल पण पार्टीत घासावं लागतंच. १९७९ ला बाई जेमतेम १८ च्या, त्याच साली शाळकरी पोरांच्या मोठ्या मदतमोहिमेच्या प्रमुख होत्या, जमैकासाठी पैसे जमवत होते, आणि त्याच साली बर्गनच्या कौन्सिलवर आल्या, पण पूर्ण सदस्य नाही हां, राखीव! तिकडे मत पार्टीच्या यादीला असतं, यादीतले वरचे निवडून येतात आणि त्यांच्या खालचे राखीव म्हणून ठरतात, कोणी आजारी पडलं, रजेवर गेलं की यांनी जाऊन बसायचं. म्हणजे बजेट, शाळा, रस्ते सगळं कॉलेजात असतानाच बघायला मिळतं. ८७ ते ८९ परत तेच, शिवाय युवा शाखा, शहर शाखा सांभाळणं चालूच.

राजेंद्रनगरवाला
अच्छा, मग खासदार मंत्री झाला की पोटनिवडणूक?

फ्योर्डकाका
नाहीच होत. मंत्र्याला संसदेतली खुर्ची सोडावी लागते आणि यादीतला राखीव येऊन बसतो. संसद मुदतीआधी बरखास्तही करता येत नाही, ४ वर्षं म्हणजे ४ वर्षं.

टिळकपथ_७१
काका छान सांगताय पण मधला खड्डा गाळलात. २००१ ते ०५ त्या स्थानिक स्वराज्य खात्याच्या मंत्री होत्या, निर्वासितांचं कामही त्याच खात्यात, इतक्या कडक वागल्या की लोक ‘लोखंडी अर्ना’ म्हणायला लागले. २००४ ला पार्टीच्या, म्हणजे होय्रे या उजव्या पार्टीच्या अध्यक्ष झाल्या आणि पुढच्याच वर्षी पार्टी साफ झोपली, १४ टक्के मतं, २३ सीटा. आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी मार्गदर्शक मंडळात पाठवलं असतं. तिकडे ठेवलं, ०९ ला ३० सीटा आल्या, २०१३ ला ४८. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, नगरपालिका वगैरे ठीक.

सराफ्यातली_मनू
१६९ पैकी ४८ आणि पंतप्रधान?? 😄

टिळकपथ_७१
हो, आणि लेबर पार्टी तेव्हाही मोठीच होती. प्रोग्रेस पार्टीला सोबत घेऊन ७७ झाले, बाकी दोन छोट्या पार्ट्यांनी बाहेरून टेकू दिला. तिथे आधी बहुमत सिद्ध करा असं नसतं, विरोधात बहुमत झालं नाही म्हणजे सरकार चालतं. २०२१ च्या निवडणुकीत हरेपर्यंत चाललं, ८ वर्षं.

फ्योर्डकाका
आणि त्याच २०२१ ला कोरोनाचे नियम मोडले म्हणून पोलिसांनी चालू पंतप्रधानाला २०,००० क्रोनर दंड ठोकला! साठीच्या वाढदिवसाला घरचीच मंडळी जेवायला जमली होती, पण १० च्या वर. बाईंनी माफी मागितली, दंडही भरला.

सराफ्यातली_मनू
घरच्याच जेवणाला? आमच्याकडे बारशाचीच यादी २०० च्या खाली येत नाही बाबा