मदत हवी आहे: कोलोरॅडोतल्या जुन्या रँचवर गोल्फ कम्युनिटी आखायची आहे, आधी पाणी बघू की प्लॉट?

माळरान

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरमध्ये लँडस्केप आर्किटेक्ट आहे. आजवर बहुतेक काम शहराच्या कडेच्या वसाहतींचं केलं. आता ऑफिसने डोंगरातली एक जुनी रँच माझ्याकडे सोपवली आहे. पाणी, जनावरं, जमीन यांतलं जाणणारी मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा काढतेय. जागेचं नाव लिहिता येणार नाही, समजून घ्या.

जागा कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात, साधारण ७,५०० फुटांवर आहे. सुमारे दोन हजार एकर. खाली नदीकाठी टिमोथी आणि ब्रोम गवताची सपाट कुरणं, त्यांना दोन पाटांचं पाणी. कुरणांच्या वर सेजब्रशची (करड्या रंगाची रानझुडपं) टेकाडं. त्याहून वर ओक, ॲस्पेन, पाइन असं करत जमीन नॅशनल फॉरेस्टला भिडते. या कुटुंबाने तीन पिढ्या गाई पाळल्या आणि हिवाळ्यासाठी गवत कापलं. पुढच्या पिढीत करणारं कोणी नाही, म्हणून विकासकाशी करार झाला आहे.

विकासकाचं म्हणणं सरळ आहे. अठरा होल्सचा गोल्फ कोर्स सगळ्या कुरणांतून वळवत न्यायचा आणि प्रत्येक फेअरवेच्या (चेंडू मारत जायची हिरवळीची पट्टी) दोन्ही अंगांना प्लॉट पाडायचे. एकूण अडीचशेच्या आसपास घरं. गोल्फला लागून असलेल्या प्लॉटला चढा भाव मिळतो, त्यामुळे गोल्फची कड जितकी लांब तितका पैसा.

मला हा आराखडा पटत नाही. पण "काहीच होऊ देऊ नका" हेही पटत नाही. कोलोरॅडोत १९७२ च्या कायद्याने ३५ एकर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांना काऊंटीच्या (जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) प्लॉट पाडण्याच्या नियमांतून सूट आहे. आमची योजना बारगळली, तर उद्या कोणीही येऊन ही रँच पस्तीस-पस्तीस एकरांत कापेल. प्रत्येक तुकड्याला वेगळी विहीर, वेगळा रस्ता, वेगळं तारेचं कुंपण. घरं पन्नास-साठच होतील, पण दरी सगळी चिरली जाईल. त्यापेक्षा घरं एकत्र वसवून बाकीची जमीन मोकळी ठेवणारा आराखडा नक्कीच चांगला, आणि तो मला मनापासून करायचा आहे.

मागच्या भेटीत तिथल्या जुन्या गड्याबरोबर कुरणातून फिरले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर फावडं. काठीला बांधलेली नारिंगी ताडपत्री तो चारीत आडवी लावतो, वर दोन दगड ठेवतो, की पाणी काठ ओलांडून गवतात पसरतं. अर्ध्या दिवसाने ताडपत्री पुढे सरकते. ही हिरवाई अशी हाताने राखलेली आहे. पाट बंद झाला तर दोन उन्हाळ्यांत तिथे काय उगवेल, सांगता येत नाही.

तर माझे प्रश्न. गवताचं पाणी गोल्फला आणि घरांना वळवता येतं का, आणि त्याची किंमत काय? कोर्स कुठे बसवावा? टेकाडांवर थंडीत एल्कचे (सांबरासारखी मोठी हरणं) कळप उतरतात, त्यांचं काय? आणि टप्पे कसे पाडावेत? ज्यांनी असं काम जवळून पाहिलं आहे त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

पाटपाणी

माळरान, पाण्यापासूनच सुरुवात करा. मी याच खोऱ्यात पाणी-हक्कांचं इंजिनिअरिंग करतो. प्लॉटचं चित्र आधी काढलं की पुढे सगळे त्या चित्राच्या प्रेमात पडतात आणि पाणी त्यात बसवायची मारामार होते.

इथे "आधी वापरलं त्याचा हक्क आधी" हे तत्त्व चालतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते १८८२ च्या कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच खटल्यात पक्कं केलं. तुमच्या रँचचा हक्क कोणत्या सालचा हे पहिलं बघा. खाली ग्लेनवुड कॅन्यनमध्ये शोशोन वीजकेंद्र आहे, त्याचा १,२५० क्युसेकचा हक्क १९०२ चा. नदीत पाणी कमी पडलं की त्यांचा कॉल (आमच्या हक्काचं पाणी आधी सोडा, अशी मागणी) लागतो आणि वरच्या सगळ्या नव्या हक्कांना हात आखडावा लागतो. तो थंडीतही लागू शकतो, हे ध्यानात ठेवा.

आता मुद्द्याचं. डिक्रीत (हक्क ठरवणारा कोर्टाचा आदेश) अमुक क्युसेक लिहिले आहेत म्हणून तेवढं पाणी तुमचं, असं नाही. वापर बदलायचा तर वॉटर कोर्टात जावं लागतं (तुमच्यासाठी डिव्हिजन ५, ग्लेनवुड स्प्रिंग्ज). तिथे फक्त गवताने आजवर खरोखर पिऊन टाकलेलं पाणी मोजलं जातं. पाटातून आलेल्या पाण्यातलं बरंच जमिनीत मुरून नदीला परत मिळतं, आणि त्यावर खालच्या लोकांचे हक्क उभे असतात. ते परतीचं पाणी तेवढंच, त्याच सुमाराला, त्याच जागी मिळत राहिलं पाहिजे. हे सिद्ध करायला जुने हवाई फोटो आणि वॉटर कमिशनरच्या नोंदी लागतात. पाटाच्या तोंडाशी पार्शल फ्ल्यूम (वाहतं पाणी मोजायची ठरावीक आकाराची नळी) असेल तर नोंदी बऱ्यापैकी विश्वासाच्या असतील. काम काही वर्षांचं धरा.

यात दोन गोष्टी तुमच्या आराखड्याला थेट भिडतात.

एक, पाणी हलवलं की मूळ कुरण कोरडं करावंच लागतं. गवताचा देखावाही राहील आणि त्याच गवताचं पाणी वरच्या टेकाडावरच्या फेअरवेला जाईल, असं होत नाही. उलट, कोर्स त्याच ओलिताच्या जमिनीवर बसला तर सिंचनाचा हक्क सिंचनालाच राहतो आणि भानगड खूप कमी होते. (तलावात साठवून पंपाने द्यायचं असेल तर साठवणीचा हक्क वेगळा.) म्हणजे पाणी कोर्सला कुरणाकडे ओढतं. विकासकाच्या चित्रात तेवढं एक बरोबर आहे.

दोन, घरांना बारमाही पाणी लागतं आणि गवताचा हक्क उन्हाळ्याचा. थंडीत घरांनी वापरलेलं पाणी नदीला भरून द्यायला ऑगमेंटेशन प्लॅन (भरपाईची योजना) लागेल. त्यासाठी स्वतःची साठवण करा किंवा वुल्फर्ड माउंटन, रुडाय अशा धरणांतून करारावर पाणी मिळतं का ते बघा. दिलासा एवढाच की घरातला वापर बहुतांशी परतीचा असतो. सांडपाणी एकाच प्रक्रिया केंद्रातून नदीत सोडलं तर फार थोडं पाणी खर्ची पडतं. खरं पाणी खातं ते अंगणातलं लॉन. प्लॉटमागे लॉनवर कडक मर्यादा घाला, मग थोडंसंच कुरण कोरडं करून अडीचशे घरांची सोय होऊ शकेल.

आणि तुमच्या दोन पाटांपैकी एखादा पुढे शेजाऱ्याकडे जातो का? जात असेल तर त्याला हात लावण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. बेसाल्टजवळच्या रोअरिंग फोर्क क्लबचा खटला वाचा. तीही रँचच्या जमिनीवरची गोल्फ वसाहत. शेजाऱ्याच्या पाटात त्याच्या संमतीशिवाय बदल केले गेले होते. २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमीन तुमची असली तरी पाटाची वाट परस्पर बदलता येणार नाही, संमती नाहीतर कोर्टाचा आदेश हवा. पुढे २०१५ मध्ये त्याच दोन पक्षांत आणखी एक निकाल झाला. खाजगी चारीतून पाणी नुसतं शोभेसाठी, करमणुकीसाठी, मासे धरण्यासाठी वाहतं ठेवणं हा उपयुक्त वापर धरला गेला नाही. विकासक "झुळझुळ ओढे" दाखवत असेल तर आत्ताच थांबवा.

हिरवळ

मी युटात एका डोंगरी कोर्सवर हिरवळीचं काम बघतो. गोल्फपुरतं लिहितो.

अठरा होल्सना दीडशे ते दोनशे एकर लागतात. दोन्ही बाजूंना घरं असलेला एकेरी फेअरवे सगळ्यात जास्त जमीन खातो, कारण प्रत्येक होलला दोन्हीकडे सुरक्षित अंतर सोडावं लागतं. तुमच्या उंचीवर चेंडू समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठ-दहा टक्के लांब जातो, तेव्हा सखल भागातली मापं तशीच उचलू नका. बहुतेक खेळाडू उजवे, आणि त्यांचा चुकलेला फटका उजवीकडे वळतो. टीवरून (जिथून होलचा पहिला फटका मारतात) बघताना उजव्या हाताला घर असेल तर काचा फुटणार.

होल्स एकमेकांना लागून एकाच पट्ट्यात ठेवा, घरं बाहेरून एका कडेला. जमीन वाचते, पाइप कमी लागतात, आणि घरांना गोल्फच्या पलीकडचं कुरणही दिसतं. पहिले होल्स पूर्वेकडे आणि शेवटचे पश्चिमेकडे नकोत, सूर्य डोळ्यांत जातो. ग्रीन्स (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) उत्तर उताराच्या सावलीत ठेवू नका. तिथे बर्फ वसंतातही हटत नाही आणि खाली स्नो मोल्ड (गवतावरची बुरशी) धरतो.

हंगाम मे ते ऑक्टोबर, तोही नशिबाने. एवढ्यासाठी अठराच होल्स हवेत का, हे विकासकाला विचाराच. नऊ किंवा बारा होल्सचा चांगला कोर्स आणि थंडीत त्याच जमिनीवर स्कीचे ट्रॅक, हे लोक जास्त वापरतात असं माझं मत आहे.

सांबरशिंग

एल्कबद्दल. टेकाडांचे दक्षिण उतार हा त्यांचा थंडीतला आसरा असेल, कारण बर्फ तिथे आधी वितळतो. तिथे एकही प्लॉट नको, मधून रस्ताही नको. डिसेंबर ते एप्रिल त्या भागात माणूस, कुत्रा, स्की सगळं बंद, हे नियमावलीत घाला आणि काऊंटीकडून पक्कं करून घ्या. कुंपणं कमी उंचीची, खालची तार गुळगुळीत आणि पिल्लू खालून जाईल एवढी वर. एल्क फेअरवेवर येणारच. एस्टेस पार्कच्या कोर्सवर सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावरचे नर उभे असतात आणि खेळ थांबतो. रहिवाशांना हे खरेदीच्या वेळीच सांगा. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याला आराखडा काढण्याआधी जागेवर बोलवा, नंतर नव्हे.

उंबरठा

वाचून वाईट वाटलं. श्रीमंतांच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरांसाठी चालती रँच मोडायची, आणि आपण त्यात मदत करायची? तिथे राबणाऱ्या माळ्यांना, स्वयंपाक्यांना त्या दरीत घर परवडणार आहे का?

माळरान

उंबरठा, प्रश्न रास्त आहे. कामगारांची घरं याच जागेत, पाटपाणी यांनी सांगितलेल्या सांडपाणी केंद्राच्या जवळ बसवावीत असं मी मांडणार आहे. ती शेवटच्या टप्प्यात ढकलली की कधीच होत नाहीत, म्हणून पहिल्याच टप्प्यात. रँच मोडण्याबद्दल म्हणाल तर ती सगळी मोडू नये यासाठीच ही धडपड आहे.

हिशेबवही

टप्प्यांबद्दल. कोर्स आणि क्लबहाऊस कर्जावर आधी बांधायचं आणि प्लॉट विकून फेडायचं, हा नेहमीचा रस्ता. २००८ मध्ये तो किती धोक्याचा आहे ते दिसलं. युटामधली प्रोमोंटरी ही गोल्फ वसाहत त्या वर्षी मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली, मोंटानाची यलोस्टोन क्लब ही तशीच खाजगी वसाहत नोव्हेंबरमध्ये. आयडाहोच्या टेटन काऊंटीत तर कागदावर हजारो प्लॉट पाडलेले आणि प्रत्यक्षात ओसाड माळ, असं वर्षानुवर्षं राहिलं. रस्ते झालेले, घरं नाहीत, आणि त्यांच्या देखभालीचा भार गावावर.

म्हणून पहिला टप्पा असा आखा की काम तिथेच थांबलं तरी जागा धड राहील. आधी पाणी, सांडपाणी, पन्नासेक घरं, चालू शेती. गोल्फ दुसऱ्या टप्प्यात, तोही नऊ होल्स. मेट्रो डिस्ट्रिक्टचे (रस्ते-पाण्यासाठी रहिवाशांवर कर लावणारी स्थानिक संस्था) रोखे काढायचे असतील तर विक्री मंदावली तर कर कोण भरणार, हे गणित काऊंटीपुढे उघड मांडा.

कॅलिफोर्नियातल्या कार्मेलजवळचं सांता लुसिया प्रिझर्व्ह अभ्यासा. जुना रँचो सान कार्लोस, सुमारे २०,००० एकर. घरं साधारण ३००, एक गोल्फ कोर्स, आणि जवळपास १८,००० एकर कायमचे राखीव. तिथे आजही गाई चरतात, त्याही गवताचं व्यवस्थापन म्हणून. पैसेवाल्यांचीच वसाहत आहे, पण मोकळी जमीन हीच विक्रीची वस्तू करता येते हे तिथे दिसतं.

पाटपाणी

हिशेबवहींच्या गाईंच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. गुरं गेली की गवत कंबरेइतकं वाढतं आणि शरदात वाळतं. ३० डिसेंबर २०२१ ची मार्शल आग आठवा. वाऱ्याने गवतातूनच पसरली आणि बोल्डर काऊंटीत हजाराहून जास्त घरं गेली. चराई भाडेपट्ट्याने चालू ठेवा, जमिनीचं शेतीचं वर्गीकरण राखायलाही उपयोग होतो. आणि ओलिताचा फेअरवे जंगल आणि घरांच्या मधे आला तर आग अडवायला मदतच. वस्तीला बाहेर पडायचे दोन रस्ते मात्र हवेतच.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

नवं चित्र असं दिसतंय: बारा होल्स, वरच्या पाटाखालच्या पट्ट्यात एकत्र. घरं कुरण आणि टेकाड यांच्या सांध्यावर, तीन वाड्यांसारखी, लॉनशिवाय. नदीकडची मोठी कुरणं गवताखालीच, आणि गड्याची नोकरी चालू. दक्षिण उतार पूर्ण मोकळे. विकासकाला सगळ्यात जड जाईल ते होल्स कमी करणं, तिथे मी हिरवळ यांचं हंगामाचं गणित मांडेन.

पाटपाणी, खालचा पाट शेजाऱ्याकडे जातो, काल नकाशात खात्री केली. डिक्रीची प्रतही मिळाली आहे, पण त्यात १९५० च्या दशकातला एक बदल नोंदलेला दिसतो आणि ओलिताचं क्षेत्र मूळ डिक्रीपेक्षा वेगळं आहे. असं असेल तर कोर्ट कोणतं क्षेत्र धरतं? सवड मिळेल तेव्हा विपूत (वैयक्तिक निरोपात) कळवाल का? शेजाऱ्यांना मी पुढच्या आठवड्यात भेटतेय, त्याआधी समजलं तर बरं होईल.