फोंडा ते पुणे, ११ महिन्यांचं बाळ: गाडी की विमान? आणि मांडी ही सीट असते का?

कुळागरवाली
नणंदेचं लग्न फेब्रुवारीत, पुण्यात. आम्ही फोंड्याला. मुलगी तेव्हा ११ महिन्यांची असेल, आत्ताच ९ किलोची आहे. घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. सासरे म्हणतात गाडीनं जाऊ. अनमोड घाट चढला की बेळगाव, मग कोल्हापूर, सातारा, पुणे. साडेचारशे किलोमीटर, "त्यात काय एवढं". बाळ कुठे? माझ्या मांडीवर, पुढच्या सीटवर, कारण मागे तिघं जण आणि आहेराचं सामान.

मी म्हटलं, विमान. आणि गाडीच न्यायची असेल तर बाळाची सीट घेतल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. यावर घरात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. "तुझ्या हातावर विश्वास नाही का?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. माझं मत स्पष्ट आहे: मांडी ही सीट नव्हे. बाळाला मांडीवर घेऊन महामार्गावर जाणं हा लाड नाही, निष्काळजीपणा आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल विरोधात लिहा, पण कारण द्या. "आमच्या वेळी" सोडून.

साखळीचा सारथी
ताई, आमच्या वेळी सोडूनच बोलतो. बावीस वर्षं टॅक्सी चालवतो. तान्ही बाळं किती नेली त्याचा हिशेब नाही. अनमोडच्या वळणांवर सीटमध्ये बांधलेलं पोर असं काही रडतं की चालवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि अपघात तिथेच होतो. आईच्या कुशीत पोर गप्प, चालक शांत, गाडी नीट. हे कारण झालं ना?

दुसरं, तुमचं विमान. फोंड्याहून मोपा विमानतळाला दीड तास धरा. दोन तास आधी पोचा. विमान वेळेवर सुटलं तर तासाभराचं. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर सामान येईपर्यंत पाऊण तास, पुढे पुण्याची वाहतूक. तासाभराचं विमान सहा तासांचं झालं. गाडीत बाळ रडलं तर मी झाडाखाली थांबवतो. वर ढगात कुठं थांबवणार?

नाइट ड्युटी
मी नर्स आहे, लहान मुलांच्या विभागात. सारथीदादा, पोर रडलं की चालकाचं लक्ष उडतं हे खरं, मानते. पण कुशीचा हिशेब एकदा करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटरवर आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर आदळून ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. ९ किलोचं बाळ त्या क्षणी हाताला सव्वाशे किलोचं लागतं. तांदळाची ५० किलोची अडीच पोती. प्रश्न विश्वासाचा नाही, ती पोती कोणतीच आई धरू शकत नाही. आणि हा वेग ५०चा. बेळगावच्या पुढे तुम्ही काय ५०नं जाता?

कुळागरवालीताई, पुढची सीट तर मुळीच नको. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागात फुगते, आणि तिच्या आणि तुमच्या मधे बाळ असतं. काही जणी स्वतःचा पट्टा बाळावरूनच घेतात. ते त्याहून वाईट, कारण आईचं सगळं वजन पट्ट्यावर बाळाला दाबतं.

डिचोलीची आजी
मी चार मुलं कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसनं वाढवली. डिचोली ते बेळगाव, चोर्ला घाटातून, उभ्यानं सुद्धा. एकाला ओरखडा नाही. "आमच्या वेळी" लिहू नका म्हटलंय म्हणून एवढ्यावर थांबते.

पण एक उपाय सांगते. निघताना जायफळ मधात उगाळून बोटभर चाटवायचं. बाळ बेळगावपर्यंत डोळा उघडत नाही. जायफळ तर तुमच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, झाडाला लागलेलं असेल.

नाइट ड्युटी
आजी, पाया पडते, पण हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. जायफळाचं प्रमाण उगाळून कळत नाही. जास्त झालं तर बाळ झोपत नाही, गुंगतं, आणि दोन्हीतला फरक गाडीच्या अंधारात ओळखता येत नाही. काही जण प्रोमेथाझिन या ॲलर्जीच्या औषधाचं सिरप देतात "झोपेल म्हणून". ते दोन वर्षांखाली द्यायचं नाही, श्वास मंदावतो. मुलाला झोपवून नेणं हा प्रवासाचा उपाय नाही. एवढं एक वाक्य मी जरा चढ्या आवाजात बोलतेय असं समजा.

डिचोलीची आजी
बरं बाई. मधाचं माहीत नव्हतं.

एकटा जीव
मला कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. महिन्यातून चार वेळा विमानानं जातो. ज्या बाळाला लग्न कळत नाही त्याला लग्नाला का न्यायचं? त्याचे कान दुखतात, आमचे किटतात. आई-बाबा, मावशी, कुणाकडे तरी ठेवा.

मोपाशेजारी
अंगावर पिणारं बाळ मावशीकडे ठेवा! एकटा जीव, नाव शोभतं तुम्हाला.

एकटा जीव
शोभतंच. मी बाळाला नाही, पालकांना बोलतोय. तिसऱ्या रांगेत मोबाइलवर गाणी लावून ठेवणारे बाळ नसतात.

मोपाशेजारी
त्यावर सहमत. आता मुद्द्यावर येतो. मी विमानाच्या बाजूनं आहे. मोपा सुरू झालं जानेवारी २०२३मध्ये, तेव्हापासून आमची दोन्ही मुलं घेऊन सहा वेळा गेलो. कान खरे दुखतात ते उतरताना. आतली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ ठेवलेली असते. खाली येताना दाब वाढतो आणि कानातली बारीक नळी तो पटकन जुळवून घेत नाही. गिळलं की नळी उघडते. म्हणून अंगावर पाजायचं, किंवा बाटली, किंवा चोखणी. पण कधी, हे महत्त्वाचं. विमान खाली यायला लागतं ते टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. लोक चाकं बाहेर पडल्यावर जागे होतात, तोवर बाळ रडून लाल झालेलं असतं. आणि टेकऑफलाच सगळं पाजून टाकू नका, उतरताना तोंड फिरवतं. आमच्या थोरल्यानं हेच केलं होतं.

नाइट ड्युटी
एक पुस्ती. सर्दी भरलेली असेल किंवा कान दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवूनच उडा. तिकीट फुकट जाईल म्हणून तापलेलं बाळ चढवणारे पाहिलेत.

साखळीचा सारथी
थांबा. तुम्ही सगळे मला मांडीवरून शिकवताय. मला एक सांगा, विमानात बाळ कुठं असतं? दोन वर्षांखालच्या बाळाला सहसा वेगळी जागा नसते. आईच्या मांडीवर, आईच्या पट्ट्याला एक छोटा पट्टा अडकवून. माझ्या गाडीत ताशी ८०ला मांडी गुन्हा, आणि तिथं ताशी ८००ला मांडी चालते? पुण्याला उतरून टॅक्सीत बसणार, तिथं सीट कुणाकडे आहे? पुन्हा मांडीच.

आणि ज्या गोव्यात पोराला स्कूटरवर पुढे उभं करून म्हापशाच्या बाजारात नेतात, तिथं मला सीटचा धडा नको.

कुळागरवाली
स्कूटरचं खरं आहे. आमच्याच घरात भाच्याला तसंच नेतात. त्यावर २०२२मध्ये नियम आला आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा, आणि वेग ४०च्या आत. फोंड्यात असं बांधलेलं एकही मूल मी अजून पाहिलेलं नाही. आणि गाडीसाठी मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत १९४-ब कलम आहेच: १४ वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालसीटनं बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड.

पण विमानातल्या मांडीचं उत्तर माझ्याकडे नाही. खरंच नाही. कुणाकडे आहे?

मोपाशेजारी
आहे, पण ते कुणालाच आवडणार नाही. १९ जुलै १९८९ला अमेरिकेत सू सिटी इथे एक विमान मोडक्या यंत्रणेनं उतरवावं लागलं. त्यात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आयांना सांगितलं गेलं, मुलं पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरा. एक मूल वाचलं नाही. ज्या हवाई सेविकेनं त्या सूचना दिल्या होत्या, तिनं पुढे बाळांना स्वतंत्र सीट सक्तीची करा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.

सक्ती झाली नाही. अमेरिकेच्या हवाई खात्यानं २००५मध्ये कारण दिलं ते असं: बाळाचंही तिकीट घ्यावं लागलं तर कित्येक कुटुंबं विमान सोडून गाडीनं जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं मरतील. म्हणजे विमानातली मांडी सुरक्षित आहे असं कुणीच म्हटलेलं नाही. विमान इतकं क्वचित आदळतं की तिथली मांडी परवडते, एवढंच. रस्ता रोज आदळतो.

साखळीचा सारथी
म्हणजे तिकिटाचा हिशेब! सुरक्षेचा नाही. बरं झालं कुणीतरी मोकळं बोललं.

मोपाशेजारी
हिशेबच आहे. पण तो तुमच्या विरुद्ध जातो, दादा. त्या हिशेबात धोक्याची जागा रस्ता आहे.

नाइट ड्युटी
आणि ते "बांधून ठेवणं" म्हणता ना, त्यात तुमचं एक बरोबर आहे. सीट म्हणजे पाळणा नाही. लहान बाळ तासन्‌तास अर्धवट बसलेलं राहिलं की मान पुढे पडते आणि श्वासाची वाट दबते. दर दोन तासांनी काढा, पाठीवर आडवं करा, लोळू द्या. तान्ह्याला तर त्याहून लवकर. गाडी थांबली की सीट बाहेर काढून त्यातच झोपू देणं, हेही नको. दहा तासांच्या रस्त्याला तुमचे चार-पाच थांबे लागतीलच. आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत बाळ ठेवू नका. आपल्याकडे फेब्रुवारीतही ऊन असतं, दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढतं.

साखळीचा सारथी
थांब्यांवर माझा कुणी हात धरू शकत नाही. अनमोड सकाळी सहाला चढायचा, मालवाहू गाड्या वाढायच्या आत. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा. बाळ असेल तर मी वळणावर ब्रेक मारत नाही, आधीच वेग सोडतो. गाडी लागते ती वळणानं नाही, हिसक्यानं.

नाइट ड्युटी
दोन वर्षांखालच्या बाळाला तशी गाडी फारशी लागत नाही. लागते ती मोठ्या भावंडांना आणि सासूबाईंना.

कुळागरवाली
हाहा, सासूबाईंना सांगते.

काल रात्री ठरलं. पूर्ण कुणाच्याच मनासारखं नाही. मी आणि मुलगी मोप्याहून विमानानं. नवरा आदल्या दिवशी गाडी, सामान आणि सासू-सासऱ्यांना घेऊन पुण्याला, आणि लोहगावला आम्हाला घ्यायला येणार तो सीट बसवलेल्या गाडीतूनच. म्हणजे टॅक्सीतली मांडी टळली. परत येताना सगळे गाडीनं, बेळगावला आत्याकडे मुक्काम करून. सासऱ्यांनी सीटची किंमत विचारली आणि म्हणाले, "एवढ्यात एक म्हैस येते." म्हैस बाळाला धरते का, असं मी विचारलं नाही. मनात विचारलं.

साखळीचा सारथी
ठीक. मी अजून म्हणतो दहा तास पोर बांधणं बरोबर नाही, पण बेळगावचा मुक्काम पटला. सीट मागे बसवा. बसवताना गुडघा सीटवर रोवून पट्टा ओढा, बसल्यावर हलवून बघा. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा. हे मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं, बाळ त्याचं होतं.

डिचोलीची आजी
मे महिन्यात माझा नातू यायचाय, आठ महिन्यांचा. लेक म्हणते सीट आणणार. पण ती म्हणे उलटी बसवतात, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. हे कसलं? मग मला त्याचं तोंड कसं दिसणार?

नाइट ड्युटी
आजी, गाडी समोर आदळली की उलट्या सीटमध्ये बाळाचं डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटवर टेकतं, मानेला झटका बसत नाही. दोन वर्षांपर्यंत तरी उलटंच ठेवा. आणि तोंड दिसेल की. तुम्ही मागे, त्याच्या शेजारी बसायचं.

डिचोलीची आजी
मागे मीच बसणार असेन तर चालेल. जावईबापूंना पुढे बसू दे.