मदत हवी आहे : युटातल्या कायोटी गल्चला दोन रात्री, पाणी आणि उताराचं काय करायचं?

मंडळी, ऑक्टोबरात दादाकडं युटाला चाललोय, तिथनं दोघांनी एस्कलांटेजवळच्या कायोटी गल्चमध्ये दोन रात्री राहायचा बेत आहे. पन्हाळा-पावनखिंड चिखलातनं तुडवलीय, पण वाळवंटातली घळ म्हणजे वेगळंच प्रकरण. तळाला ओढा वाहतोय, जेकब हॅम्ब्लिन या खडकाच्या नैसर्गिक कमानीजवळ झरा पण आहे, तरी गाळानं फिल्टर लगेच चोंदतो का, की माणशी चार लिटर पाठीवरच न्यायचं? सारखं पाण्यातनंच चालायचं तर शूज कुठले घालायचे? शेकोटीला बंदी, आणि शी पण पिशवीत भरून परत आणायची असते (हे आईला अजून सांगितलेलं नाही). मेन म्हणजे त्या कमानीजवळच्या तिरक्या खडकावरनं सॅक घेऊन दोराशिवाय उतरता येतंय का, का आपलं हरिकेन वॉश या कोरड्या ओढ्याच्या वाटेनं लांबून गेलेलं बरं? जाऊन आलेल्यांनी सांगा राव.