मदत हवी आहे: माळ्यावर काजऱ्याच्या बियांचा डबा सापडलाय, काय करू?

गणपतीआधी गावच्या घराची साफसफाई चालू आहे (सावंतवाडीजवळ). काल माळ्यावरून बिस्किटांचा एक गंजका डबा निघाला. आत दोनेक मुठी बिया. चपट्या, रुपयाएवढ्या, कोटाच्या बटणासारख्या, वर राखाडी लव. बोट फिरवलं तर रेशीमच. (नंतर दोनदा साबणाने हात धुतले.) माझ्या मते काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या. पाणंदीत दोन काजरे अजून उभे आहेत, नारिंगी फळं धरली की ककणेर (धनेश पक्षी) येतात.

काका म्हणतात, आजोबा कणगीपाशी उंदरांसाठी हेच ठेवायचे. यंदा उंदरांनी माडावरची कोवळी फळं पोखरलीत, कुणग्यांच्या (भातखाचरांच्या) बांधांना घुशींची बिळं. काकांना जुना उपाय परत करायचाय. "ह्यां काय केमिकल नाय, झाडाचां आसा!"

झाडाचंच, पण आत स्ट्रिक्नीन हे विष. १८१८ साली फ्रान्समध्ये ते वेगळं काढलं, पुढे देशोदेशी शेतातल्या उंदरांवर वापरलं. स्नायूंना आवर घालणारा मज्जारज्जूतला संदेशच ते अडवतं. अंग धनुष्यासारखं ताणतं, श्वास थांबतो. नेमका उतारा नाही. अमेरिकेत १९८८ पासून जमिनीवर हे आमिष ठेवता येत नाही, युरोपीय संघानेही २००६ मध्ये बंद केलं. आणि आमचा कुत्रा टिप्या दिसेल ते तोंडात घेतो.

बिया काजऱ्याच्याच ना? टाकू कुठे? आणि काकांना पटेल असं काही सांगा, कुत्र्याचं कारण त्यांना पुरत नाही.

प्रतिसाद १:
वर्णनावरून काजराच. अश्विनी नक्षत्राचं झाड म्हणून हल्ली रोपवाटिकेतही ठेवतात, पाटीवर विषाचा उल्लेख नसतो! जाळू नका, विहिरीजवळ पुरू नका. हातमोजे घालून बरणीत बंद करा, वर "विष" लिहा, कुलपात ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा.

काकांना सांगा, उंदीरच फसत नाही. स्ट्रिक्नीन भयंकर कडू. थोडं चाखलेला उंदीर काही मिनिटांतच तडफडतो. त्यातून वाचला तर त्या आमिषाला पुन्हा शिवत नाही. वॉरफरिनसारखी रक्त न गोठू देणारी औषधं आली, त्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून खाण्याशी संबंध लागत नाही. तिथेच याची सद्दी संपली. शिवाय मेलेल्या उंदराच्या पोटात विष उरतं. तो घुबडाने खाल्ला तर घुबड जातं, आणि बांधावरचे उंदीर तेच तर मारतं.

प्रतिसाद २:
माडाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा मारा, माणसाच्या डोक्यापेक्षा वर. शेजारच्या झाडाची झापं टेकत असतील तर ती आधी छाटा, नाहीतर उंदीर वरच्या वरच येतो.

मूळ धागाकर्ता:
काकांना "उंदीर चाखून सोडतो" हे पटलं. म्हणाले, "म्हणानच डबो भरलेलो ऱ्हवलो." पत्रा उद्या आणतोय. पट्टा किती रुंद घेऊ?