शब्दचर्चा : ‘बदललेले ग्लायकोसिलेशन’ आणि कर्करोगाचा फैलाव

प्रश्न : ‘प्रथिनांचे बदललेले ग्लायकोसिलेशन कर्करोगाच्या फैलावाला हातभार लावते’ या वाक्यात ग्लायकोसिलेशनसाठी ‘शर्करीकरण’ हा शब्द चालेल का? तसेच ‘बदललेले’ऐवजी ‘बिघडलेले’ लिहिणे अधिक नेमके ठरेल का?

उत्तर : ‘शर्करीकरण’ टाळावे, असे माझे मत आहे. द्रवीकरण म्हणजे द्रव नसलेल्याचा द्रव होणे आणि घनीकरण म्हणजे घन नसलेल्याचा घन होणे. संस्कृतातल्या या च्वि-रूपाचा अर्थच ‘जे नव्हते ते होणे’ असा आहे. त्या न्यायाने शर्करीकरण म्हणजे एखाद्या पदार्थाची साखर होणे. ग्लायकोसिलेशनमध्ये प्रथिन प्रथिनच राहते, फक्त त्याच्या ठरावीक अमिनो आम्लांना शर्करांच्या साखळ्या जोडल्या जातात. हे काम पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत आणि गॉल्गी संकुलात विकरे (एन्झाइम) करतात. म्हणून मूळ शब्दच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘शर्करासाखळ्यांची जोडणी’ असे स्पष्टीकरण द्यावे.

शेजारच्या ‘ग्लायकेशन’ या शब्दापासूनही सावध राहावे लागते. मधुमेहाच्या तपासणीतले एचबीए१सी हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तिथे रक्तातले ग्लुकोज विकराच्या मदतीशिवाय हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते. जुन्या अहवालांत त्याला ‘ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन’ म्हटलेले आढळते आणि घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. कर्करोगाच्या संदर्भात आपण बोलतो ती प्रक्रिया याहून वेगळी असून तिचा आहारातल्या साखरेशी संबंध जोडणे चुकीचे आहे.

आता ‘बिघडलेले’ या शब्दाविषयी. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावरही शर्करासाखळ्या असतातच. कर्करोगपेशीत त्यांची ठेवण बदलते आणि हा बदल एकाच दिशेने होत नाही. जीएनटी-५ या विकराचेच पाहा. ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लाला जोडलेल्या साखळीवर ते एक विशिष्ट फांदी फोडते. पुढे ही फांदी लांबते, तिला गॅलेक्टिन नावाची प्रथिने धरतात आणि त्यामुळे वाढीचे संदेश स्वीकारणारी ग्राहक प्रथिने पृष्ठभागावर अधिक काळ टिकून राहतात. शिवाय ई-कॅडहेरिनसारख्या, पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांची पकड सैल होते. या फांद्यांचा आणि फैलावाच्या क्षमतेचा संबंध जेम्स डेनिस व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवला. पुढे २००० साली या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांमध्ये स्तनातल्या गाठींची वाढ मंदावल्याचे आणि फुप्फुसांत होणारा फैलाव घटल्याचे दिसून आले. यात विकर बिघडलेले नाही, उलट ते नको तितके कामसू झालेले आहे. याच कुळातले जीएनटी-३ मात्र साखळीच्या मध्यभागी एक शर्करा अशी बसवते की जीएनटी-५ ला तिथे फांदी फोडताच येत नाही, आणि म्हणूनच ते अनेक प्रयोगांत फैलावाला आळा घालताना आढळले आहे.

‘बिघाड’ शोभतो तो दुसऱ्या ठिकाणी. सेरीन किंवा थ्रिओनीनला जोडलेली साखळी वाढवणारे एक विकर कॉस्मिक या साहाय्यक प्रथिनाविना नीट घडत नाही. कॉस्मिक निकामी झाले की साखळी पहिल्याच शर्करेवर खुंटते आणि टीएन नावाची आखूड खूण उघडी पडते. अशा खुंटलेल्या साखळ्या अनेक कर्करोगांत आढळतात. एकीकडे फांद्यांचे रान माजते आणि दुसरीकडे खुंट उरतात. या दोहोंना सामावून घेणारे विशेषण ‘बदललेले’ हेच आहे.

दुसरे मत : ‘फैलाव’ हा शब्द मला फार ढोबळ वाटतो. मूळ गाठीच्या आसपासच्या ऊतींत घुसणे वेगळे आणि दूरच्या अवयवात बस्तान बसवणे वेगळे. मराठीत आपण दोन्हींना ‘पसरला’ म्हणून मोकळे होतो.

उत्तर : आक्षेप रास्त आहे, कारण शर्करासाखळ्यांची भूमिका टप्प्यागणिक बदलते. वर सांगितलेली सैल पकड ही सुटून निघण्याच्या टप्प्यावरची गोष्ट झाली. रक्तात शिरलेल्या पेशीपुढे प्रश्न असतो तो प्रतिकारशक्तीपासून बचावण्याचा, आणि तिथे साखळ्यांच्या टोकांवरच्या सियालिक आम्ल या शर्करेचा दाट थर कामी येतो. प्रतिकारपेशींवरचे सिग्लेक ग्राहक त्याला चिकटले की त्या पेशी थंडावतात. त्यानंतर रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटावे लागते. सूज आलेल्या जागी पांढऱ्या पेशी सिलेक्टिन नावाच्या, शर्करासाखळ्या धरणाऱ्या प्रथिनांच्या आधाराने भिंतीवर टेकतात, आणि तीच सोय सियालिल लुईस ए व एक्स या शर्करारचना धारण करणाऱ्या कर्करोगपेशीही वापरतात. तेव्हा जिथे टप्पा माहीत आहे तिथे ‘घुसणे’, ‘तग धरणे’, ‘चिकटणे’, ‘दूर रुजणे’ अशी साधी क्रियापदे वापरावीत आणि ‘फैलाव’ हा शब्द एकूण प्रक्रियेसाठी राखून ठेवावा.

याच सियालिल लुईस ए ला तपासणीच्या अहवालात ‘सीए १९-९’ म्हणतात. त्यातल्या ‘सीए’चा अर्थ अनेकजण कॅन्सर असा लावतात, खरे तर ती कार्बोहायड्रेट अँटिजेनची आद्याक्षरे आहेत. स्वादुपिंडाच्या कर्करोगात उपचारांचा परिणाम जोखण्यासाठी तिचा उपयोग होतो, परंतु पित्तनलिका तुंबल्यावरही ती वाढते आणि सुमारे ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात ही रचना जन्मतःच तयार होत नाही. म्हणून अनुवादात तिला ‘कर्करोगाची खूण’ असे सरसकट म्हणू नये. ‘कर्करोगात वाढू शकणारी शर्कराखूण’ असे लिहावे.