मदत हवी आहे : एनआयसीयूतल्या बाळाच्या रक्तात बुरशी

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीचं बाळ इथं कोल्हापुरात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्म, वजन 1100 ग्रॅम. प्लेटलेट्स एकदम उतरल्या आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) कॅन्डिडा ही बुरशी आली. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) काढली, अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू केलंय.

घरी सासूबाई म्हणतात, बाळंतिणीच्या खाण्यानं झालं. बहीण रडून रडून बेजार. डॉक्टरांनी कारणं समजावलीत: 1500 ग्रॅमच्या आतलं वजन, नाजूक कातडी, बरेच दिवस ठेवलेली सेंट्रल लाइन, तिच्यातून जाणारं पोषण आणि लिपिड, व्हेंटिलेटर, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स. या औषधांनी आतड्यातले चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. पॅराप्सिलोसिस नावाची कॅन्डिडाची जात तर हातांवरूनही पसरते. यात आईच्या जेवणाचा काय संबंध? उलट तिचं काढलेलं दूध बाळाच्या आतड्याला आधारच देतं.

विचारायचं ते हे. कल्चर निगेटिव्ह आल्यानंतरही साधारण 14 दिवस औषध चालतं म्हणे; तेवढ्या काळात तुमच्या बाळाच्या किडनीची आणि पोटॅशियमची तपासणी किती वेळा व्हायची? डोळ्याचा पडदा, मेंदूची सोनोग्राफी, हृदयाची इको हे सगळं झालं का? एनआयसीयूत येऊन पडदा तपासणारे डोळ्यांचे डॉक्टर कोल्हापूर किंवा सांगलीत कुणाला माहीत आहेत? आणि असं बाळ घरी नेलेल्या एखाद्या ताईनं माझ्या बहिणीशी फोनवर बोलाल का? मेसेज करा, नंबर देतो.